निसर्गोपचार, योग आणि तथागतांचा आरोग्यविचार

गेल्या वर्षावासात आमच्या विहारात विनयपिटकावर व्याख्याने चालू होती. महावग्गातील 'भेसज्जक्खन्धक', म्हणजे औषधांविषयीचे प्रकरण, संपल्यावर एक वयोवृद्ध उपासक प्रश्न विचारण्यासाठी उभे राहिले. त्यांचे तारुण्य कापडगिरणीच्या रिंगखात्यात गेलेले. पुढे मधुमेह जडला. ठाकूरद्वारच्या बाजूला भरलेल्या एका निसर्गोपचार शिबिरात ते गेले असता त्यांना इन्सुलिन सोडण्याचा सल्ला मिळाला. उपवास, मातीच्या पट्ट्या, रस आणि आसने एवढ्यावर रोग मुळापासून जाईल, असे सांगण्यात आले. तीन महिन्यांनी पायाला झालेली जखम चिघळली आणि सार्वजनिक रुग्णालयात बोट कापावे लागले. ते म्हणाले, "सर, पथ्य मी सगळं पाळलं. तरी बोट गेलं. तर शिबिरवाले म्हणतात, हे मागल्या जन्माचं आहे. आपल्या धम्मात असं काही आहे का?"

त्या दिवशी आम्ही त्यांना थोडक्यात 'नाही' असे उत्तर दिले. परंतु प्रश्न एका माणसाचा नाही. निसर्गोपचार व योग यांना आज राजमान्यता आहे. २०१४ मध्ये केंद्र सरकारने आयुष मंत्रालय स्थापन केले आणि २०१५ पासून २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जातो. आपल्या समाजात यावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक मत असे की, हे सारे वैदिकांचे असल्यामुळे ते समूळ त्याज्य होय. दुसरे असे की, शरीराला उपयोग होत असेल तर त्यासोबत येणारे तत्त्वज्ञानही गिळून टाकावे; त्याने काय बिघडते? आमच्या मते ही दोन्ही मते इतिहास न तपासता बनलेली आहेत. म्हणून या उपासकाच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या आधारे सविस्तर देण्याचा येथे प्रयत्न करीत आहोत.

ठाकूरद्वारच्या परिघात

आधुनिक योगाचा इतिहास हिमालयातील गुहांत शोधण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात त्यातील फार महत्त्वाची पाने ठाकूरद्वार नाक्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर लिहिली गेली.

नाक्यावरून सी. पी. टँकच्या बाजूस गेले की माधवबाग लागते. १९१६ साली नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास येथे उतरले होते. सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकणारा मणिभाई देसाई नावाचा तरुण त्यांना येथेच प्रथम भेटला. हेच पुढे श्री योगेंद्र या नावाने प्रसिद्धीस आले. १९१८ च्या अखेरीस त्यांनी वर्सोवा येथे 'योग इन्स्टिट्यूट' सुरू केली; नंतर ती सांताक्रूझला स्थिरावली. योगेंद्रांनी संन्यास घेतला नाही. संसारी माणसाला, कचेरीत जाणाऱ्या कारकुनाला आणि घरातील स्त्रीला योग शिकवावयाचा, हा त्यांचा आग्रह होता.

नाक्यावरून उलट दिशेस, चर्नी रोड स्थानकाचा रूळ ओलांडून समुद्राकडे गेले की मरीन ड्राइव्हवर कैवल्यधामाचे आरोग्यकेंद्र आहे. ईश्वरदास चुनीलाल यांच्या नावाचे हे केंद्र १९३६ पासून तेथे आहे. त्याचे प्रवर्तक स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे (१८८३–१९६६), हेही माधवदासांचेच शिष्य. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी योगक्रिया प्रयोगशाळेत नेल्या. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडते, हे क्ष-किरणांनी व दाबमापकांनी तपासले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांना आढळले. हठयोगी बस्तिक्रियेत पाणी आत ओढून घेत. लोक त्यास सिद्धी समजत. कुवलयानंदांनी त्याचे कारण दाबातील फरक हे दाखविले. चमत्कार म्हणून जे सांगितले जात होते, त्याचे भौतिक कारण पुढे आले.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. शाळेत, व्यायामशाळेत आणि दवाखान्यात शिकविला जाणारा आजचा 'आरोग्ययोग' जेमतेम शंभर वर्षांचा आहे. त्यामागे जुनी परंपरा नाही, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या परंपरेचे हेतू निराळे होते. पतंजलीच्या योगसूत्रांत आसनाला मोजून तीन सूत्रे आहेत आणि त्यांचा रोख ध्यानासाठी स्थिर व सुखकर बैठक एवढ्यापुरताच आहे. मधुमेह, संधिवात, रक्तदाब यांवर आसनांची योजना करणे हे विसाव्या शतकातील कार्य होय. ज्यांनी ते केले त्यांनी शरीरशास्त्राचा आधार घेतला, वेदवाक्याचा नव्हे.

योग केवळ वैदिक आहे काय?

योगाच्या मालकीचा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. पतंजलीने चित्तप्रसादनासाठी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना सांगितल्या आहेत. पालि वाङ्मयाची ओळख असलेल्या वाचकास त्यांतील चार ब्रह्मविहार ओळखण्यासाठी कोणाची मदत लागणार नाही. ध्यानाची परंपरा ही मुख्यत्वे श्रमणांची होती. सिद्धार्थ गौतमाने आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे तिचे शिक्षण घेतले आणि तिच्या मर्यादा ओळखून तो पुढे गेला.

हठयोगाची कथा तर अधिक उद्बोधक आहे. त्याच्या मूलभूत क्रिया सांगणारा 'अमृतसिद्धि' हा ग्रंथ सुमारे अकराव्या शतकातील असून तो वज्रयानी बौद्धांच्या परिसरात रचला गेला, असे अलीकडच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. पुढे नाथपंथीयांनी व इतरांनी तो वारसा उचलला आणि त्याचे बौद्ध मूळ विस्मृतीत गेले. लेण्यांच्या बाबतीत महाराष्ट्रात जे घडले, 'पांडवलेणी' हे नाव ज्या प्रकारे रूढ झाले, त्याचेच हे ग्रंथरूप होय.

पालि भाषेत 'योग' या शब्दाचा एक अर्थ उद्योग, चित्ताची नेटाने केलेली जोपासना असा आहे. दुसरा अर्थ जोखड, बंधन असा आहे. काम, भव, दृष्टी आणि अविद्या या चार बंधनांना 'चार योग' म्हटले आहे आणि निब्बाणाला 'योगक्खेम', म्हणजे त्या बंधनांपासून निर्भयता, असे नाव आहे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आपण ध्यानात ठेवावयास हवेत. जो योग मनुष्याला सावध करतो तो उद्योग. जो त्याला अंधश्रद्धेच्या जुवाला जुंपतो तो जोखड. नाव एकच असले तरी पारख कृतीवरून करावी लागते.

निसर्गोपचाराची जर्मन वाट

निसर्गोपचाराविषयी तर गैरसमज अधिक आहे. कटिस्नान, ओल्या पट्ट्या, मातीचा लेप, सूर्यस्नान ही सारी ऋषिमुनींची देणगी म्हणून सांगितली जाते. ज्या स्वरूपात ही पद्धती गिरगावात आणि पुण्यात पोहोचली, ते स्वरूप एकोणिसाव्या शतकातील मध्य युरोपचे होते. ग्रेफेनबर्ग येथील शेतकरी व्हिन्सेंट प्रिस्निट्झ याने थंड पाण्याचे उपचार रूढ केले. बव्हेरियातील धर्मोपदेशक सेबास्टियन क्नाइप याने त्यात भर घातली. लाइपझिगच्या लुई कुन्हे याने सर्व रोग एकच असून शरीरात साचलेला विजातीय मल हे त्यांचे एकमेव कारण होय, असा सिद्धांत मांडला. अडोल्फ जुस्ट याने माती आणि नैसर्गिक जीवन यांचा पुरस्कार केला. कुन्हे आणि जुस्ट यांची पुस्तके दक्षिण आफ्रिकेत मोहनदास गांधी यांच्या वाचनात आली आणि त्यांनी ते प्रयोग स्वतःवर व कुटुंबीयांवर केले.

महाराष्ट्रात या पद्धतीचे केंद्र पुणे झाले. डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार रुग्णालय तेथे होते. १९४५ च्या नोव्हेंबरात त्याच ठिकाणी गांधीजींच्या सहभागाने अखिल भारतीय निसर्गोपचार न्यास स्थापन झाला. १९४६ मध्ये पुण्याजवळील उरुळी कांचन येथे आश्रम सुरू झाला आणि मणिभाई देसाई यांनी तो वाढविला. हे मणिभाई आणि वर योगेंद्र म्हणून आलेले मणिभाई या दोन निरनिराळ्या व्यक्ती होत. पुण्याच्या जुन्या वास्तूत १९८६ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे.

या चळवळीने खेड्यातील गरिबाला औषधाच्या बाटलीवाचून आरोग्याचा मार्ग दाखविण्याचा प्रयत्न केला, हे तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. स्वच्छता, साधा आहार, उघडी हवा यांचे महत्त्व तिने लोकांच्या मनावर बिंबविले. परंतु तिच्यात दोन दोष राहिले. सर्व रोगांचे कारण एकच, ही कुन्हेची कल्पना जंतुशास्त्राच्या कसोटीवर टिकणारी नव्हती. आणि १९४६ च्या सुमारास गांधीजींनी या उपचारांच्या शिखरावर रामनाम बसविले. जेथे उपचार हा श्रद्धेचा भाग बनतो, तेथे रोगी बरा झाला नाही तर उपचाराची तपासणी होत नाही, रोग्याच्या श्रद्धेची होते. आमच्या उपासकांच्या वाट्याला नेमके हेच आले.

तथागतांचे आरोग्यशास्त्र

आता आपण पालि तिपिटकाकडे वळू. आश्चर्याची गोष्ट अशी की, निसर्गोपचारात जे ग्राह्य आहे त्यातील बहुतेक सर्व विनयपिटकात आढळते. जे अग्राह्य आहे त्याला मात्र तेथे थारा नाही.

शरद ऋतूत सावत्थीच्या भिक्खूंना रोगाने ग्रासले. अन्न पचेना, शरीरे कृश व पिवळी पडली. तेव्हा तथागतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी यांना औषध म्हणून अनुमती दिली. मग जसजसे रोग पुढे आले तसतशी अनुमती वाढत गेली. मुळांमध्ये हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा. पानांमध्ये कडुनिंब, कुडा, पडवळ, तुळस. फळांमध्ये वावडिंग, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा, आवळा. आपल्या आजीच्या बटव्यातील वस्तूंची ही यादी अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खुसंघाची आहे. पिलिन्दवच्छ थेरांच्या अंगात वात शिरला तेव्हा घाम आणण्याचे क्रमाक्रमाने तीव्र होत जाणारे उपाय सांगितले गेले: साधा शेक, पाल्याचा शेक, निखाऱ्यांनी तापविलेल्या खड्ड्यावर पाला अंथरून त्यावर निजविणे, पाला उकळलेल्या पाण्याचे सिंचन आणि शेवटी गरम पाण्याच्या टाकीत बसविणे. सर्पदंशावर माती व राख यांचाही उल्लेख आहे.

व्यायामाचीही तीच गोष्ट. वेसालीत लोकांकडून मिष्टान्नाची दाने मिळू लागल्यामुळे भिक्खू स्थूल व रोगी झाले. तेथे कामानिमित्त आलेल्या जीवक वैद्याने हे पाहिले आणि दोन गोष्टींची अनुमती मागितली: चंक्रमण, म्हणजे नियमित येरझाऱ्या, आणि जन्ताघर, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली. तथागतांनी दोन्हींना अनुमती दिली. अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची ताकद येते, कष्ट सोसतात, रोग कमी होतात, अन्न पचते आणि चालताना मिळविलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. शरीर आणि चित्त यांचा एकत्र विचार करणे याला आज 'समग्र आरोग्य' म्हणतात. तो विचार येथे कोणत्याही गूढाचा आधार न घेता आलेला आहे.

आहाराच्या बाबतीत कोसलराज पसेनदीची कथा प्रसिद्ध आहे. राजा द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत आला. तथागतांनी त्याला उपवास सांगितला नाही. मात्रेने खाणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि तो सावकाश वृद्ध होतो, अशा आशयाची एक गाथा सांगितली. सुदस्सन नावाच्या तरुणाने ती जेवणाच्या वेळी रोज म्हणावयाची, अशी राजाने व्यवस्था केली आणि हळूहळू त्याचा आहार नाळीभर तांदळावर आला. येथे 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याने उरुवेलेच्या अरण्यात उपोषणाने देहाचा सांगाडा करून पाहिला आणि तो मार्ग निष्फळ म्हणून टाकला, तो शास्ता दीर्घ उपवासाला शुद्धीचा मार्ग कसा म्हणेल? मध्यम मार्ग हा केवळ तत्त्वज्ञानाचा सिद्धांत नव्हे. तो ताटातही लागू आहे.

आणि तथागतांनी कोणत्याही एका पद्धतीचा हट्ट धरला नाही. वनस्पती, शेक, वाफ, चालणे यांच्याबरोबरच रक्त काढणे, गळू फोडणे, जखमेवर पट्टी बांधणे यांनाही विनयात स्थान आहे. जीवक हा तर शस्त्रकर्मात निष्णात होता. ज्या रोगाला जो उपाय लागू पडतो तो करावा, ही त्या प्रकरणाची भूमिका आहे.

कर्म की कारण?

आता उपासकांच्या प्रश्नाचा मुख्य भाग. संयुत्तनिकायात सीवक नावाच्या परिव्राजकाची कथा आहे. राजगृहाच्या वेळुवनात तो तथागतांना विचारतो की, मनुष्याला जे जे सुख-दुःख भोगावे लागते ते सर्व पूर्वकर्माने, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले मत काय? तथागत उत्तरात वेदनांची आठ कारणे सांगतात: पित्त, कफ, वात, तिन्हींचा प्रकोप, ऋतुबदल, विषम दिनचर्या, बाहेरून झालेला आघात आणि आठवे कर्मविपाक. पहिली सात कारणे प्रत्येकाला स्वतः पाहता येतात आणि जगातही ती मान्य आहेत. म्हणून सर्वच पूर्वकर्माने होते असे म्हणणारे हे अनुभवाच्या आणि लोकज्ञानाच्या पलीकडे धावतात. त्यांचे मत मिथ्या आहे, असा त्या सुत्ताचा निष्कर्ष आहे.

आठव्या कारणाचे काय, असे कोणी विचारील. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात या प्रश्नाला थेट हात घातला. गतजन्मीच्या कर्मावर वर्तमान दुःखाचा भार टाकणारी शिकवण बुद्धाची असू शकत नाही, कारण ती दरिद्र्याला आणि पीडिताला त्याच्या पीडेचा अपराधी ठरविते, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. सीवक सुत्ताचा रोखही त्याच दिशेला आहे. ज्या पायाला मधुमेहामुळे संवेदना राहिली नव्हती, ज्याची साखर इन्सुलिन थांबविल्यामुळे वाढली होती, त्याची जखम चिघळण्यास गतजन्म शोधण्याची गरज नाही. मूळ कारण पहिल्या सातांतच सापडते आणि त्यातील एक भाग चुकीचा सल्ला देणाऱ्याच्या पदरी जातो. १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी काही प्रकारचा मधुमेह म्हणजे निश्चित मरण होते, हेही येथे विसरता येत नाही.

अंगुत्तरनिकायातील आणखी एक विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. तेथे तीन प्रकारचे रोगी सांगितले आहेत. पहिला योग्य अन्न, औषध व शुश्रूषा मिळो वा न मिळो, बरा होतो. दुसरा काहीही केले तरी बरा होत नाही. तिसरा ते मिळाले तरच बरा होतो. या तिसऱ्यासाठी शुश्रूषेचे विधान आहे आणि त्याच्यामुळे उरलेल्या दोघांचीही शुश्रूषा करावयाची आहे. उपचारपद्धतीची पारख करण्याचे हे सूत्र होय. शिबिरात येणाऱ्या शंभरांतील कित्येक पहिल्या प्रकारचे असतात. ते बरे झाले की श्रेय मातीच्या पट्टीला जाते. खरी कसोटी तिसऱ्या प्रकारच्या रोग्यावर लागते. तो उपचार केल्यास बरा होतो आणि न केल्यास होत नाही, असे तुलनेने दाखविता आले तरच उपचार सिद्ध झाला. आसनांनी कंबरदुखी कमी होते, चालण्याने व आहारनियमनाने रक्तशर्करा आटोक्यात राहण्यास मदत होते, याला आज असा आधार आहे. मधुमेह मुळापासून जातो, या जाहिरातीला नाही. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार अधिनियमात ज्या रोगांवरील उपचारांच्या जाहिरातींस मनाई आहे, त्यांत मधुमेह आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

वैद्य, शूद्र आणि शिलालेख

विज्ञाननिष्ठ वैद्यकाला बौद्ध परंपरेत मान का मिळाला आणि ब्राह्मणी परंपरेत का मिळाला नाही, याचेही उत्तर इतिहासात आहे. मनुस्मृतीने वैद्याचे अन्न निषिद्ध मानले आणि त्याला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले. वैद्याला सर्व जातींच्या देहांना, रक्ताला, पुवाला स्पर्श करावा लागतो. ज्याने स्पर्शाचे भय बाळगले त्याच्याकडून शस्त्रकर्म होणार नाही. देबीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी या तिरस्काराची सविस्तर चर्चा केली आहे आणि केनेथ झिस्क यांनी १९९१ मधील आपल्या ग्रंथात भारतीय अनुभवाधिष्ठित वैद्यकाची जोपासना श्रमणांमध्ये, विशेषतः बौद्ध विहारांत झाली, असे प्रतिपादन केले आहे. अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वहस्ते धुतले आणि रोग्याची सेवा ही आपलीच सेवा होय, असे संघाला बजावले. या एका प्रसंगात दोन संस्कृतींमधील अंतर दिसून येते.

सम्राट अशोकाने हा विचार राज्यकारभारात आणला. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या व पशूंच्या चिकित्सेची व्यवस्था, औषधी वनस्पतींची लागवड, रस्त्यांवर विहिरी व झाडे यांचा उल्लेख आहे. याच लेखमालेतील आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मुंबईजवळील सोपारा येथे मिळाला. म्हणजे आरोग्य ही राज्याची जबाबदारी मानणाऱ्या राजाची आज्ञालेखमाला या किनाऱ्यावर कोरली गेली होती.

निसर्ग कोणाचा?

निसर्गोपचाराची पंचमहाभूते सर्वांना फुकट मिळतात, असे म्हटले जाते. आमचा इतिहास वेगळा आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. त्यानंतर लोकांना मार खावा लागला आणि त्या तळ्याची शेणगोमूत्राने 'शुद्धी' करण्यात आली. पाण्याचा कायदेशीर निकाल उच्च न्यायालयातून लागावयास १९३७ उजाडले. ज्यांना पाणीच नाकारले गेले, त्यांना जलचिकित्सेचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा?

मुंबईत १८९६ साली प्लेग उद्भवला. त्यानंतर १८९८ मध्ये नगर सुधार न्यास स्थापन झाला आणि त्याने चाळी बांधल्या. परळच्या पोयबावडी येथील अशाच एका बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी दोन खोल्यांत अनेक वर्षे संसार केला. रमाईंची चार अपत्ये दगावली. स्वतः रमाई १९३५ मध्ये दीर्घ आजाराने गेल्या. गिरणीतही अस्पृश्य कामगारांना अधिक वेतनाच्या साचाखात्यात प्रवेश नसे, कारण तेथे धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि इतरांना विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उपस्थित केला. त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात त्यांनी प्रसूतिसाहाय्य विधेयकाचे समर्थन केले. बाळंतिणीला विश्रांती मिळाली पाहिजे आणि तिचा भार समाजाने उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. हवा, पाणी, प्रकाश, विश्रांती आणि आहार ही निसर्गाची औषधे आहेत, हे बाबासाहेबांनाही मान्यच असावयाचे. ती औषधे सर्वांच्या हाती यावीत यासाठी कायदा हवा, हे त्यांनी ओळखले. हीच आपल्या दृष्टीने निसर्गोपचाराची अपूर्ण राहिलेली बाजू होय.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या आजारपणातही गिरगावाचा संबंध आहे. १९४७-४८ मध्ये राज्यघटनेच्या कामाच्या काळात मधुमेह व पायांच्या वेदना बळावल्या तेव्हा त्यांनी मुंबईत डॉ. माधवराव मालवणकर यांचे उपचार घेतले. मालवणकरांच्या गिरगावातील दवाखान्यात डॉ. शारदा कबीर काम करीत होत्या. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा बाबासाहेबांशी विवाह झाला आणि त्या सविता आंबेडकर झाल्या. पथ्य, वेळेवर आहार आणि इन्सुलिन यांचा त्या उपचारांत मेळ होता. पथ्य आणि औषध हे परस्परांचे शत्रू नाहीत, याचे हे जवळचे उदाहरण आहे.

विपश्यनेचा बोध

या परिसराच्या इतिहासातील शेवटचे पान आपल्या विषयाला पूर्णता देणारे आहे. जुलै १९६९ मध्ये सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातून आल्यावर भारतातील पहिले विपश्यना शिबिर दक्षिण मुंबईतील पंचायतवाडी धर्मशाळेत घेतले. त्यांचे आईवडील त्यात सहभागी होते. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे होऊ लागली. गोयंका स्वतः १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते असह्य अर्धशिशीमुळे. परंतु केवळ डोकेदुखी घालविण्यासाठी आलात तर प्रवेश नाही, असे गुरूंनी त्यांना प्रथम सांगितले. विद्येचा हेतू चित्ताची शुद्धी हा आहे. शरीरास लाभ झाला तर तो आनुषंगिक.

हा इशारा आज आपल्यालाही लागू आहे. १९७९ पासून अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी स्मृतिसाधनेचा उपयोग दीर्घकालीन वेदनांच्या रुग्णांसाठी रुग्णालयात केला आणि तेथून ती जगभर गेली. त्यात हित आहे. पण शील व करुणा यांपासून तोडलेली सती हीसुद्धा उद्या बाजारात विकली जाणारी आणखी एक पुडी होऊ शकते. दुसऱ्यांच्या परंपरेला जी कसोटी आपण लावतो, ती स्वतःच्या परंपरेलाही लावली पाहिजे.

उपसंहार

तेव्हा त्या उपासकांना आमचे सविस्तर उत्तर असे. चालणे, मित आहार, शेक, आसन, आनापान हे सारे आपले आहे. ते कोणाकडून उसने घ्यावे लागत नाही आणि त्याची लाजही बाळगावी लागत नाही. परंतु ज्याला इन्सुलिन हवे त्याने ते घ्यावे, ज्याला क्षयाच्या गोळ्या हव्यात त्याने त्या शेवटपर्यंत घ्याव्यात. तथागतांनी सांगितलेल्या चांगल्या रोग्याच्या लक्षणांत हितकर तेच करणे, मात्रा जाणणे, औषध घेणे आणि रोग आहे तसा शुश्रूषा करणाऱ्याला सांगणे ही आहेत. पायाची जखम कोणापासूनही लपवू नये, अगदी गुरूपासूनही.

आणि विहारांनी काय करावे? वर्षावासाच्या दर रविवारी रक्तदाब व रक्तशर्करा तपासण्याची सोय करणे अवघड नाही. आपल्या समाजातील डॉक्टर आणि परिचारिका त्यासाठी वेळ देतील. सकाळी चंक्रमण, मग आनापान, मग तपासणी असा क्रम ठेवता येईल. जेथे हे होईल तेथे 'मागल्या जन्माचं' असे सांगणाऱ्याला श्रोता मिळणार नाही. आमचे उपासक आता काठी टेकीत का होईना, रोज सकाळी विहाराच्या अंगणात वीस फेऱ्या घालतात. इन्सुलिनची वेळ चुकवीत नाहीत. आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला प्रथम पाय दाखवावयास सांगतात.